तालमीतला उजेड आणि पन्नासची लेन्स : एका खरेदीचा प्रकरण अभ्यास

प्रश्न असा होता. एका जुन्या तालमीत वयस्क मल्लांची व्यक्तिचित्रं काढायची आहेत. फ्लॅश चालणार नाही. हातात निकॉन डी५६०० कॅमेरा आणि त्याच्यासोबत आलेली १८-५५ मिमीची किट लेन्स आहे. पैसे एकाच प्राइम लेन्सपुरते, म्हणजे झूम न होणाऱ्या एका लेन्सपुरते आहेत. कोणती घ्यावी?

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आलेला तरुण कोल्हापूरचाच. त्याचे आजोबा त्या तालमीत घुमलेले, चुलते अजून पहाटे तिथं असतात. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी ही नावं महाराष्ट्रभर सगळ्यांना ठाऊक आहेत. पण शाहू महाराजांनी कुस्तीला जो आश्रय दिला आणि १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, त्यातून पेठापेठांतही लहान तालमी तग धरून राहिल्या. ही त्यांतलीच एक. भिंतीवर जुन्या मल्लांचे चौकटीतले फोटो आहेत, पण मधल्या पिढीचे नाहीत. जे हयात आहेत त्यांचे तरी आता नीट फोटो काढून लावावेत, ही वस्तादांची इच्छा. काम पोरानं अंगावर घेतलं आणि पहिल्याच सकाळी वस्तादांनी अट घातली, "फोटू काढ की, कोण नगं म्हणतंय? पर बत्ती मारायची नाही. पोरं डाव करत्यात, डोळ्यावर लखलखलं की एखाद्याची मान मोडंल."

अट अगदी रास्त होती. त्यामुळं फ्लॅशचा विषय तिथंच संपला आणि लेन्सचा सुरू झाला.

तो आला तेव्हा चार नावं लिहून आला होता: ८५ मिमी एफ/१.८, ५० मिमी एफ/१.४, ५० मिमी एफ/१.८ आणि ३५ मिमी एफ/१.८. पसंतीचा क्रमही हाच. (मिमीचा आकडा फोकल लेंथचा: तो मोठा तितका माणूस चौकटीत मोठा दिसतो. एफचा आकडा अपर्चरचा, म्हणजे लेन्सच्या भोकाचा: तो लहान तितका उजेड जास्त.) ८५ वर, कारण पोर्ट्रेट म्हटलं की सगळे ८५ म्हणतात. त्याखाली एफ/१.४, कारण अंधार आहे म्हटल्यावर जितका आकडा लहान तितकं बरं, असा साधा हिशेब. या दोन्ही समजुती फार पसरलेल्या आहेत, आणि अर्धवट खऱ्या असल्यामुळंच त्या माणसाचे पैसे चुकीच्या जागी घालवतात. म्हणून हे प्रकरण मी सगळ्या आकड्यांसह मांडतो आहे.

आधी उजेड मोजला

मी त्याला सांगितलं, दुकानात जाण्याआधी तालमीत जा, आणि ज्या वेळी फोटो काढणार त्याच वेळी, ज्या जागी माणूस बसवणार त्याच जागी कॅमेऱ्यातलं उजेडाचं मीटर बघून ये. तालीम दगडी भिंतींची आहे. पूर्वेला एक लहान खिडकी, वर एक झरोका आणि हौद्यावर, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्यावर, दोन ट्यूबलाइट. मेहनत पहाटे अंधारातच सुरू होते. जुने मल्ल निवांत टेकतात ते सकाळी साडेसातच्या सुमाराला. त्या वेळचं मीटर असं आलं: किट लेन्स ५५ मिमीवर, एफ/५.६, आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४००, शटर १/३० सेकंद.

या एका ओळीत सगळं दुखणं आहे. १/३० ला माणूस नुसता श्वास घेत बसला तरी चेहरा हलतो. लेन्समध्ये व्हायब्रेशन रिडक्शन आहे हे खरं, पण ते आपल्या हाताची थरथर सावरतं. समोरच्यानं मान हलवली तर ते काहीच करू शकत नाही. आणि आयएसओ ६४०० ला या सेन्सरवर अंधाऱ्या भागात रंगीत दाणे दिसू लागतात. सावळ्या कातडीवर, दाढीच्या खुंटांत, डोळ्यांखालच्या सावलीत ते आधी दिसतात, म्हणजे नेमके जिथं चेहऱ्यावरचं वय वाचायचं असतं तिथं.

आता एफ/१.८ काय देतं ते पाहू. अपर्चरचे आकडे एकमेकांना भागून वर्ग केला की उजेडाचा फरक कळतो. ५.६ ला १.८ नं भागलं की सुमारे ३.१ येतात, त्याचा वर्ग साधारण ९.७. म्हणजे किट लेन्सच्या तुलनेत जवळजवळ दहापट उजेड, सव्वातीन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). १/३० चा शटर १/२९० वर जातो. हा फरक प्रचंड आहे, आणि स्वस्तातली एफ/१.८ प्राइम तो देते.

तिथून एफ/१.४ वर गेलं तर? १.८ भागिले १.४, त्याचा वर्ग, सुमारे १.६५. पाऊण स्टॉपहून थोडं कमीच. निकॉनची ५० मिमी एफ/१.४ लेन्स एफ/१.८ च्या जवळपास दुप्पट किमतीला येत होती. पहिल्या उडीत दहापट उजेड मिळाला आणि दुसऱ्या उडीत दीडपटीच्या थोडा वर. बाकी काही न बघता इथंच माझं मन एफ/१.८ कडे झुकलं होतं, पण खरं कारण पुढं आलं.

मग फूटपट्टी

तालमीत कॅमेऱ्याला किती मागं सरकता येतं हे कोणी विचारत नाही. मी विचारलं. दाराजवळ हौद्याच्या कडेनं एक मोकळी पट्टी आहे. स्टूल मागच्या भिंतीपासून तीन फूट पुढं ठेवलं, तर समोर कॅमेरा धरून उभं राहायला जेमतेम आठ फूट मिळतात. त्यापुढं हौद्याची कड. हौद्यात पायतान घालून जायचं नसतं, आणि पोरं मेहनत करत असताना अनवाणीसुद्धा कोणी आत उतरत नाही. तेल, ताक, हळद, काव घालून सांभाळलेली माती आहे ती. म्हणजे आठ फूट म्हणजे आठच फूट.

आता हिशेब अगदी शाळेतला आहे. चौकटीत जितकी उंची हवी ती फोकल लेंथनं गुणायची आणि सेन्सरच्या लांबीनं भागायची, की लागणारं अंतर मिळतं. डी५६०० चा सेन्सर साडेतेवीस मिमी लांब. कॅमेरा उभा धरला की हीच लांबी चौकटीची उंची होते.

वस्तादांना हवे होते ते कमरेपासून वरचे फोटो. चौकटीत सुमारे ११० सेंटिमीटर. त्यासाठी ३५ मिमीला साधारण साडेपाच फूट अंतर लागतं, ५० मिमीला पावणेआठ फूट आणि ८५ मिमीला तेरा फूट. तेरा फूट मागं गेलो की फोटोग्राफर हौद्याच्या मधोमध उभा. ८५ तिथंच बाद झाली. नुसता चेहरा आणि खांदे, म्हणजे ७० सेंटिमीटरची चौकट घेतली, तरी ८५ ला सव्वाआठ फूट लागतात. हौद्याच्या कडेला टाचा टेकवूनसुद्धा ती पट्टी पुरत नाही.

८५ ही वाईट लेन्स नाही, तिची कीर्ती खरीच आहे. पण ती कीर्ती फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या, कॅमेऱ्यावरची आहे. निकॉनच्या लहान सेन्सरवर चित्राचा कोन दीडपट आवळतो. ८५ तिथं १२७ सारखी वागते आणि ५० जवळपास ७५ सारखी. लोक जी ८५ वाखाणतात तिचं काम या कॅमेऱ्यावर ५० च करते, हे दुकानात कोणी सांगितलं तर सांगितलं. रंकाळ्याच्या काठावर, मोकळ्या मैदानात, लग्नाच्या मोठ्या हॉलमध्ये या पोरानं ८५ घेतली असती तर मी अडवलं नसतं. या तालमीत मात्र तिला पाय टेकायला जागा नाही.

३५ चं काय? ती अंतराच्या परीक्षेत सहज पास होते. तिच्या बाजूनं एक मोठा युक्तिवाद असा होता की उभा, लंगोट लावलेला अख्खा मल्लही तिच्यात मावेल. मोजलं तर तेही खरं ठरलं नाही. डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडून २१० सेंटिमीटरची चौकट धरली, तर ३५ ला दहा फुटांहून जास्त लागतात. आपल्याकडं आठ. पूर्ण उंचीचा फोटो इथं किट लेन्सच्या २४ मिमीवरच निघतो आणि तो तिच्यावरच काढायचा असं ठरलं. उभा माणूस दाराच्या उजेडात स्थिर उभा राहिला तर तेवढं जमून जातं.

कान

इथं सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आली आणि ती आणली एका जुन्या मल्लांनी. चाचणीसाठी पोरानं त्यांना बसवलं, तर ते म्हणाले, "कान दिसला पायजे बघ. त्यो कान कुस्तीनं दिलाय."

कुस्तीगिराचा कान घासून, दाबून, आत रक्त साकळून कायमचा आवळतो आणि गाठाळ होतो. त्यांच्यासाठी ती पदवी आहे. चेहरा सुरेख आला आणि कान धूसर राहिला, तर तो फोटो त्यांच्या दृष्टीनं वाया गेला. हे ऐकल्यावर मला लेन्सच्या निवडीचा सगळा रस्ता स्पष्ट दिसला, कारण कानामुळं दोन वेगवेगळे हिशेब एकदम उभे राहतात.

पहिला हिशेब जवळिकीचा. चेहऱ्याचा आकार लेन्स बिघडवत नाही, आपण किती जवळ उभे आहोत ते बिघडवतं. नाकाच्या शेंड्यापासून कान साधारण बारा सेंटिमीटर मागं असतो. ३५ नं चेहरा-खांद्याची चौकट भरायला सव्वातीन-साडेतीन फुटांवर, म्हणजे सुमारे एका मीटरवर जावं लागतं. त्या अंतरावरून कान नाकाच्या मानानं दहा टक्क्यांहून जास्त लहान उमटतो. नाक फुगतं, कपाळ पुढं येतं, कान मागं पळतात. ५० नं तीच चौकट पाच फुटांवरून मिळते आणि हा फरक आठेक टक्क्यांवर येतो. कमरेपासूनच्या फोटोत पावणेआठ फुटांवरून तो पाच टक्क्यांच्या आसपास राहतो. कान आपल्या मापात दिसतो. ३५ इथं बाद झाली.

दुसरा हिशेब फोकसच्या खोलीचा, आणि तो अंधाराच्या हिशेबाला थेट छेद देतो. ५० मिमी, एफ/१.८, पाच फुटांवर: जे काही लखलखीत दिसतं त्याची खोली साडेसहा सेंटिमीटरच्या आसपास. माणूस सरळ समोर बघत असेल तर डोळ्यापासून कानापर्यंत खोलीचं अंतर नऊ-दहा सेंटिमीटर असतं. डोळ्यावर फोकस धरला की कान गेला. एफ/१.४ वर ही खोली पाच सेंटिमीटरवर येते. म्हणजे ज्या पाऊण स्टॉपसाठी दुप्पट पैसे मोजायचे, तो पाऊण स्टॉप या कामात कधी वापरताच येणार नव्हता. एफ/१.४ चा विषय इथं संपला.

पुष्कळांना वाटतं की रुंद लेन्स घेतली तर फोकसची खोली वाढेल. चौकट तीच ठेवली तर वाढत नाही. ३५ घेऊन जवळ गेलो किंवा ८५ घेऊन लांब गेलो, चेहरा चौकटीत तेवढाच भरला आणि अपर्चर तेच राहिलं, तर खोली जवळपास तेवढीच येते, सहा-साडेसहा सेंटिमीटर. बदलतं ते मागचं दृश्य: लांब लेन्स मागचा छोटा तुकडा मोठा करून दाखवते, म्हणून तो जास्त विरघळल्यासारखा वाटतो. चेहऱ्यावर किती धारदार हवं हे अपर्चरनं आणि माणसाला कसं बसवतो यानं ठरतं.

बसवण्यावर आम्ही बराच वेळ घालवला आणि तो सत्कारणी लागला. माणसाला समोर बघायला न लावता तोंड पाऊण वळवायला सांगितलं, साधारण ४५ अंशांत, तर कॅमेऱ्याकडचा डोळा आणि त्याच बाजूचा कान खोलीनं एकमेकांच्या जवळ येतात. नऊ-दहा सेंटिमीटरचं अंतर तीन-चारवर उतरतं. आता एफ/१.८ वरसुद्धा दोन्ही धारदार येण्याची शक्यता आहे, आणि एफ/२.८ वर तर निर्धास्त. कोल्हापूरच्या जुन्या चित्रकारांच्या व्यक्तिचित्रांत हा पाऊण वळलेला चेहरा आणि एका बाजूनं येणारा उजेड किती तरी वेळा दिसतो. बाबूराव पेंटरांनी शंभर वर्षांपूर्वी स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा ज्या गावात बनवला, तिथल्या पोराला ही बैठक चित्रांतूनच शिकता येते. मी त्याला तेच सांगितलं: आधी चित्रं बघून ये, मग स्टूल ठेव.

एफ/२.८ ठरवल्यावर उजेड पुन्हा कमी पडणार होता. १.८ वरून २.८ म्हणजे सव्वा स्टॉपहून थोडं जास्त गमावलं. ते भरून काढायला आम्ही लेन्सकडं न जाता स्टूल हलवलं. खिडकीपासून सहा फुटांवर असलेलं स्टूल तीन फुटांवर आणलं. खिडकी लहान असली की अंतर निम्मं केल्यावर उजेड चौपटीच्या जवळ जातो. मीटरवर पावणेदोन स्टॉपचा फरक दिसला. खिडकी बाजूच्या भिंतीत असल्यामुळं कॅमेऱ्याचं अंतर तेवढंच राहिलं. अंधाऱ्या गालाच्या बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता एका पोरानं धरला, त्याला वस्तादांची हरकत नव्हती.

शेवटी जे आकडे जमले ते असे: ५० मिमी, एफ/२.८, शटर १/१००, आयएसओ १६००. सुरुवातीच्या एफ/५.६, १/३०, आयएसओ ६४०० च्या शेजारी हे ठेवून बघा. यातला मोठा वाटा लेन्सचा आहे आणि तितकाच मोठा सरकवलेल्या स्टुलाचा.

शटर १/१२५ न ठेवता १/१०० का, तर ट्यूबलाइटमुळं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं साध्या चोकच्या ट्यूब सेकंदाला शंभरदा कमीजास्त होतात. शटर १/१०० किंवा १/५० ठेवला की प्रत्येक फोटोत उजेडाचा पूर्ण फेरा येतो. त्याहून वेगात गेलं की एक फोटो पिवळट, दुसरा हिरवट, तिसऱ्यात आडवा पट्टा. स्वस्त एलईडीतही हा त्रास असतो. खिडकीचा उजेड पुरेसा झाला तेव्हा आम्ही ट्यूब बंद करायची परवानगी मागितली, पण मेहनत चालू असेपर्यंत ती मिळणार नव्हती, आणि मागणंही बरोबर नव्हतं.

अपर्चर २.८ वर ठेवण्याला आणखी एक कारण होतं. मागच्या भिंतीत मारुतीचा देव्हारा आहे, बाजूला मुद्गल उभे करून ठेवलेले असतात. एफ/२.८ ला, कमरेपासूनच्या चौकटीत, देव्हारा ओळखू येतो आणि तरी चेहऱ्यावरून नजर पळवत नाही. पार्श्वभूमी लोण्यासारखी वितळवायची आज फार हौस दिसते. लग्नाच्या हॉलमधल्या प्लास्टिकच्या फुलांपुढं ती योग्यच आहे. या माणसांच्या मागून त्यांची तालीम पुसून टाकणं मला मान्य नव्हतं, वस्तादांना तर नव्हतंच.

खरेदी

म्हणजे ५० मिमी एफ/१.८ ठरली. पण पैसे देण्याआधी एक फुकटची परीक्षा उरली होती. ती मी प्रत्येकाला करायला सांगतो. किट लेन्समध्ये ३५ ही आहे आणि ५० ही आहे. फोटोच्या माहितीत ५० दिसेपर्यंत रिंग फिरवायची, तिथं चिकटपट्टी लावायची आणि एक सकाळ तेवढ्यावरच काढायची. दुसऱ्या सकाळी ३५. फोटो दाणेदार येतील, हलतील, ते विसरून जायचं. फक्त बघायचं की पाय कुठं अडखळतात, कोण चौकटीबाहेर जातं, समोरचा माणूस अवघडतो का. ३५ वर पोरगा मल्लांच्या इतका जवळ गेला की ते अंग आक्रसून बसले. ५० वर ते वस्तादांशी गप्पा मारत राहिले. माझ्या मते हा फरक कुठल्याही आकड्याइतकाच वजनदार होता.

मग जुना माल बघताना एक मोठा खड्डा समोर आला, आणि डी५६००, डी३५०० अशा कॅमेऱ्यांच्या मालकांनी तो नीट ध्यानात ठेवावा. निकॉनची जुनी ५० मिमी एफ/१.८ डी ही लेन्स जुन्या बाजारात फार स्वस्त मिळते. काच चांगली आहे. पण तिच्यात फोकसची मोटर नाही, तिला कॅमेऱ्यातली मोटर लागते, आणि डी३००० आणि डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत ती मोटर नसते. लेन्स बसते, मीटर चालतं, फोटो निघतो, फक्त ऑटोफोकस होत नाही. विकणारा खोटं बोलत नसतो, त्याच्या कॅमेऱ्यावर ती चालत असते. तालमीच्या अंधारात, लहान व्ह्यूफाइंडरमधून, साडेसहा सेंटिमीटरच्या खोलीत हातानं फोकस धरायचा म्हणजे फार हाल. लेन्सवर 'एएफ-एस' ही अक्षरं आणि शेवटी 'जी' आहे का बघायचं. 'डी' लेन्सवर अपर्चर फिरवायची कडी असते, 'जी' लेन्सवर ती नसते, हीही खूण. या पोरासाठी एएफ-एस ५० मिमी एफ/१.८ जी हीच योग्य होती. वजन १८५ ग्रॅम, फिल्टर ५८ मिमीचा, आणि ती ४५ सेंटिमीटरपर्यंत जवळ फोकस करते.

कोल्हापुरात जुनी लेन्स घेताना बुरशी बघितल्याशिवाय घेऊ नये. आपला पावसाळा लांब आणि दमट. कपाटात, चामड्याच्या पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सच्या आत कोळिष्टकासारखे धागे उगवतात. मोबाइलची बॅटरी मागून तिरकी मारायची, अपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं आणि पुढून बघायचं. २०१९ आणि २०२१ चा पंचगंगेचा पूर ज्या गावानं बघितलाय, तिथं लेन्सच्या धातूच्या कडीवरचे गंजाचे ठिपके आणि स्क्रूच्या खाचांतला गाळही बघावा. आत पाणी गेलेली लेन्स बाहेरून पुसली की नवी दिसते. पोरानं बघितलेल्या एका जुन्या लेन्समध्ये धागे निघाले. मग त्यानं थोडे दिवस थांबून पैसे जमवले आणि नवीच घेतली. तिच्यासाठी घट्ट झाकणाचा डबा आणि सिलिका जेलच्या पुड्या हा खर्च मी त्याला त्याच दिवशी करायला लावला.

नवी लेन्स घेतली तरी घरी एक चाचणी करणं गरजेचं होतं. डी५६०० मध्ये ऑटोफोकस बारीक जुळवून घ्यायची सोय नाही, ती महागड्या कॅमेऱ्यांत असते. लेन्स आणि कॅमेऱ्याची जोडी जर दोन सेंटिमीटर पुढं किंवा मागं फोकस धरत असेल, तर एफ/१.८ वर ते लगेच दिसतं. पट्टी तिरकी ठेवायची, मधल्या आकड्यावर फोकस धरायचा, एफ/१.८ वर काही फोटो व्ह्यूफाइंडरमधून आणि काही लाइव्ह व्ह्यूमधून काढायचे. लाइव्ह व्ह्यू सेन्सरवरच्या चित्रावरूनच फोकस ठरवतो, त्यामुळं तिथं ही चूक राहत नाही. दोन्हींत फरक दिसला तर लेन्स बदलून मागायची. याची जोडी जुळलेली निघाली.

प्रत्यक्ष काम

पहिल्या सकाळचे फोटो सुंदर दिसले आणि संगणकावर मोठे केल्यावर निम्म्यांत डोळ्याऐवजी कान धारदार. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. तो मधल्या ठिपक्यानं डोळ्यावर फोकस धरायचा आणि मग कॅमेरा वळवून चौकट जुळवायचा. पाच फुटांवर कॅमेरा पंधरा अंश वळवला की फोकसची पातळी डोळ्याच्या पाच सेंटिमीटर मागं पडते. एफ/५.६ च्या किट लेन्सवर ही सवय कधी नडली नव्हती. या कॅमेऱ्यात फोकसचे ३९ ठिपके आहेत, त्यांतले मधले नऊ क्रॉस पद्धतीचे, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा पकडणारे. कॅमेरा उभा धरून त्या नवांतला सगळ्यात वरचा निवडला, चौकट थोडी सैल ठेवली आणि नंतर कापून घेतली. तेव्हापासून वाया जाणारे फोटो फार कमी झाले.

तेलानं चमकणारी अंगं हा आणखी एक विषय. मेहनतीनंतर खांद्यावर, कपाळावर उजेडाचे पांढरे डाग पडतात आणि कॅमेरा अंधारी खोली बघून चित्र उजळ करायला जातो. एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली ठेवून रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढणं हा उपाय चालला. तांबड्या मातीवरून परतणारा उजेड हनुवटीखाली लालसर छटा देतो. ती सगळी काढू नको, असं मी सांगितलं. तालमीत चेहरा तसाच दिसतो.

एफ/१.८ अगदी वाया गेलं असं मात्र नाही. थंडीतल्या एका सकाळी धुकं होतं, खिडकीतून जेमतेम उजेड येत होता, आणि त्याच दिवशी गावाकडून आलेले एक वृद्ध मल्ल परत जाणार होते. तिथं १.८ वर, पाऊण वळवलेल्या चेहऱ्यानं, आयएसओ ३२०० ला काम झालं. उजेडाच्या कडांना थोडी जांभळट किनार आली, ती नंतर काढता आली. डोळा आणि कान दोन्ही आले.

जे या लेन्सनं झालं नाही

हौद्यातली झटापट ५० नं निघाली नाही. दोन मल्ल एकमेकांना भिडले की ते क्षणात कडेपर्यंत येतात आणि चौकटीबाहेर जातात. शिवाय तिथं किमान १/५०० शटर हवा. ट्यूबच्या उजेडात एफ/१.८ वरही त्यासाठी आयएसओ १२८०० च्या आसपास जावं लागतं, आणि वर ट्यूबच्या फेऱ्याचा त्रास. पोरगा आता म्हणतो, पुढची लेन्स ३५. माझं म्हणणं त्याला पटलेलं नाही, पण मी ते इथं नोंदवतो: हौद्यासाठी आधी उजेडाचं बघावं. दोन जुन्या ट्यूबच्या जागी न लुकलुकणारे चांगले एलईडी बसवले, तर किट लेन्सवरही आजच्यापेक्षा बरं काम होईल आणि मेहनत करणाऱ्या पोरांनाही नीट दिसेल. वस्तादांकडं हा विषय काढलाय. ते खर्च विचारत आहेत. तोवर ३५ ची परीक्षा चिकटपट्टी लावून, कट्ट्यावरून, किट लेन्सवरच चालू आहे.